आनंदीच्या पायाचा कागद

कसबा पेठेतल्या दिगंबरपंतांना इंग्रजी येत होतं, आणि ते येतं हे अख्ख्या पेठेला माहीत असावं याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती. संगमावरच्या एका साहेबाकडे ते कारकून होते. पुण्याच्या एका सरदाराने या साहेबाला आनंदी नावाची हत्तीण नजर केली. तिचा माहूत भैरू मात्र सरदाराकडेच राहणार होता. आनंदीच्या पायाला जखम होती, ती रोज धुवावी लागे. ती कशी धुवायची ते इंग्रजीत लिहून द्यायचं काम साहजिकच पंतांकडे आलं.

आणि पंतांनी काय लिहावं! आधी साहेबाला सात ओळींचा नमस्कार, मग हत्तिणीच्या कुळाची थोरवी, मग एका दमात पाय, पाला, पाणी, तेल, हळद. अगदी तळाशी, जागा उरली म्हणून, तिचा उजवा डोळा अधू आहे, त्या बाजूने जाऊ नये.

आनंदीची निगा ज्याच्याकडे सोपवली होती, त्या गोऱ्या शिपायाने वाचत वाचतच कामाला हात घातला. तळाची ओळ यायच्या आत तो उजव्या बाजूला पोचला, आणि बिचकलेल्या आनंदीच्या सोंडेच्या एका फटक्यात थेट मुठेच्या चिखलात. नशीब त्याचं, हाड मोडलं नाही. साहेब मात्र असा भडकला की विचारू नका. उद्या सकाळी पुन्हा असं झालं तर हत्तिणीला गोळी घालीन, असं त्याने पंतांना तोंडावर सांगितलं.

आनंदीला पोचवायला आलेला भैरू ते ऐकून मटकन खाली बसला आणि रडू लागला. पंतांना ते बघवेना. आपल्या हुशारीपायी एका जनावराचा जीव जाणार, हे त्यांच्या मनाला फार झोंबलं. त्यांनी जुना कागद तिथल्या तिथे फाडला.

"भैरू, मी नवा लिहितो आणि मीच करून बघतो," ते म्हणाले. "कागदात असेल तेवढंच करीन. तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस."

जन्मात हत्तीला हात न लावलेला हा माणूस धोतर खोचून उभा राहिला. पहिली ओळ: थांब, उजवा डोळा अधू आहे, डावीकडून जा. गेले. दुसरी: नावाने हाक मारून गुडघ्यावर थाप दे. आनंदीने पाय उचलला. तिसरी: कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी जखमेवर ओत. पंतांनी वाफाळतं भांडं फडक्याने उचललं, तोच भैरूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं. पंत थबकले. पाणी निववायचं लिहिलंच नव्हतं की! त्यांनी खाली बसून लिहिलं: कोपर बुडवून बघ, सोसेल तेव्हाच ओत.

संध्याकाळपर्यंत कागद पाच वेळा बदलला. नमस्कार तर एकही उरला नाही.

सकाळी शिपाई तोंड वाकडं करूनच आला. एक ओळ वाचायचा, तेवढंच करायचा, पुन्हा कागद बघायचा. डावीकडून गेला. "आनंडी," म्हणाला, आणि तिने पाय उचलला. कोपर बुडवलं, जखम धुतली, हळद-तेल भरलं. साहेब मान हलवून आत गेला.

पंतांनी मोठ्या ऐटीत भैरूकडे पाहिलं. भैरू आनंदीकडे बघत होता. शिपायाने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"लई चांगलं लिव्हलंत, पंत," तो म्हणाला. "आता माझं हितं काय काम हाय?"

तो उठला आणि सरळ उजव्या बाजूने तिच्याकडे निघाला. शिपाई ओरडला. आनंदी हललीसुद्धा नाही. भैरूने तिच्या कानामागे हात फिरवला, आणि मागे वळून न बघता सरदाराच्या वाड्याच्या वाटेला लागला.