श्रीनाथला ताप आला

उमेदीची सगळी वर्षं मी उंदरांना बरं करण्यात घालवली. शेवटी माणसाची पाळी आली, तेव्हा हट्टच धरला, की पहिला पेशंट धाराशिवातच घ्यायचा. पुण्याच्या प्रयोगशाळेतला माझा सहकारी रणधीर हसला. "शिवकन्या, तुझं गावाचं खूळ काही जात नाही बघ." नाहीच गेलं. इथल्या दवाखान्यात वॉर्ड उभा राहिला आणि जवळच्या तेर गावचा श्रीनाथ त्यात दाखल झाला.

पंचविशीचा पोरगा. रक्ताचा कॅन्सर सगळ्या औषधांना पुरून उरलेला. आम्ही त्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढल्या, पुण्याला नेऊन त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवलं आणि परत त्याच्या अंगात सोडल्या. आता वाट बघायची ती तापाची. पेशी लढायला लागल्या की अंग तापतं.

पण ताप येईना. नर्स थर्मामीटर लावी, अंग गार. रणधीरचा फोन आला की मी उगाच हसून बोलायची. आतून पार खचले होते. याच्यापुढं श्रीनाथसाठी औषधच नव्हतं.

एका दुपारी फेरीच्या आधीच मी खोलीत शिरले. त्याची आई मथुराबाई ओल्या पदरानं त्याचं अंग पुसत होती. मला बघताच तिनं हातातलं गोळ्यांचं पाकीट लपवलं. मी श्रीनाथच्या मानेला हात लावला. चटका बसला!

"मथुराबाई, कसल्या गोळ्या देताय त्याला?"

"तापाच्या." तिला रडूच फुटलं. "शक्तीच्या हायत म्हणून सांगून देते त्याला, नर्सबाई यायच्या आधी. मागं ताप आला की डॉक्टर लोक औषध बंद करायचे, ताई. म्हणलं ह्ये बी बंद करतील. लेकराला घरी धाडू नका वो."

"अहो, ताप असा लपवून जीव गेला असता त्याचा!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच हसू फुटलं. तापाचं सगळं श्रीनाथला समजावलं होतं. उशाशी बसलेल्या आईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी तिला घट्ट धरलं. "या तापाचीच तर वाट बघत होते मी. तुमचं लेकरू लढतंय!"

त्याचं रक्त तपासायला धाडलं आणि रणधीरला फोन लावला. "आला! सणसणून ताप आलाय!" व्हरांड्यातली माणसं माझ्याकडं बघतच राहिली. बघू देत. इतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

पुढचे दिवस अवघड गेले. ताप चढला, आम्ही औषधं देऊन तो आवाक्यात ठेवला, मग उतरला. महिन्यानं रिपोर्ट आला. कॅन्सरची एकही पेशी सापडली नव्हती.

मथुराबाईनं दवाखानाभर पेढे वाटले. बाहेरच्या बाकावरच्या एका म्हातारबांनी विचारलं, "कशाचे पेढे, बाई?"

"माझ्या श्रीनाथला ताप आला व्हता," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर अजून एक पेढा ठेवला.