मागच्या बाकावर

"बाबा, तुम्ही आत येऊ नका," पेरीन म्हणाली. "तुम्ही मागे बसलात की मला काही सुचायचं नाही."

गास्तोंने मान डोलावली. माझा थोरला भाऊ. जन्मभर लिमोजच्या चिनीमातीच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. आज पहाटेच्या गाडीने आला होता, लग्नातला काळा कोट घालून.

अभियंते घडवणाऱ्या त्या मोठ्या शाळेसाठी त्याच्या लेकीची, पेरीनची, गणिताची तोंडी परीक्षा होती. गेल्या वर्षी ती याच फळ्यापाशी अडखळली आणि तयारीचं वर्ष तिने पुन्हा काढलं. आता तिसरी संधी नव्हती.

ही परीक्षा ऐकायला कोणीही बसू शकतं. पुढच्या वर्षीची मुलं येतात, प्रश्न टिपून घेतात. दार उघडलं तसा गास्तों उठला.

"तिने नको म्हटलंय," मी हळूच म्हणाले.

"मागे बसतो गं. भिंतीसारखा."

मीही गेले. खिशात जपमाळ धरलेलीच होती.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण हिचे कोण?"

"कोणी नाही, साहेब," गास्तों म्हणाला. "रस्त्याने चाललो होतो. म्हटलं, जरा गणित ऐकावं."

पुढच्या बाकावरची दोन मुलं फिसकन हसली. पेरीन फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिची मान लाल झाली.

फळा भरत गेला, आणि मध्येच खडू थांबला. परीक्षक रागावत नाहीत, सुचवतही नाहीत, नुसते थांबतात. माझा जप तिथेच तुटला. गास्तों मात्र भट्टीसमोर बसावं तसा, हात मांडीवर ठेवून बसला होता. घाईने दार उघडलं की आतलं सगळं तडकतं, हे त्याला ठाऊक.

पेरीनने अर्धा फळा पुसला, पुन्हा मांडायला घेतलं. शेवटची ओळ राहिली आणि वेळ संपली.

"धन्यवाद," परीक्षक म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना.

बाहेर त्या दोघांतल्या एकाने तिला गाठलं. "काय गं, ते गणितवेडे आजोबा कोण?"

गास्तों खिडकीबाहेर बघू लागला.

"माझे बाबा आहेत," पेरीन म्हणाली. त्याच्याजवळ गेली आणि दुमडलेली कॉलर सरळ केली. "इतकं खोटं बोलता येतं होय तुम्हाला?"

"आलं खरं," तो म्हणाला.

ती शाळा पेरीनला मिळाली नाही. ती ग्रनोबलला गेली, तिथली शाळाही चांगली आहे.

नाताळच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गास्तों तोच कोट घालून आला. कॉलरवर खडूची पांढरी बोटं तशीच होती.