गुरुवारची रांग

दर गुरुवारी सिस्टर न्यामिझीचं डोकं सकाळीच तापायचं. सरोवराकाठच्या म्वांझा शहरातल्या त्या इस्पितळात गुरुवार म्हणजे कातडीच्या कर्करोगाचा दवाखाना, आणि तिथे येणारे निम्मे रोगी जन्मापासून कातडीला रंग नसलेले. ऊन हाच त्यांचा वैरी. पण सरोवरातल्या बेटांवरून ते यायचे ते जखम मुठीएवढी झाल्यावर! न्यामिझीने टोप्या वाटल्या, मलमं वाटली, बोलून बोलून घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी.

आज तिच्यासमोर क्वांडू बसली होती. सव्वीस वर्षांची, मासळी वाळवून विकणारी. मार्चमध्ये तिच्या कानाशी वाटाण्याएवढी गाठ होती. एप्रिलमध्ये ती काढायचं ठरलं, पण वहीत त्या तारखेपुढे 'आली नाही' असा शेरा होता. आता ऑगस्टमध्ये जखम डोळ्याच्या कोपऱ्याला भिडली होती. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया झाली नाही तर डोळा जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ही बया म्हणत होती, पुन्हा येणार नाही.

"डोळा जड झालाय का तुला?" न्यामिझी कडाडली. "उन्हात जाऊ नको म्हणून किती वेळा सांगायचं?"

उत्तर दिलं ते क्वांडूच्या शेजारी बसलेल्या तिच्या सासूने, होलोआजीने.

"सिस्टर, घरी मी तिला उन्हात पाऊल टाकू देत नाही. मासळी मी वाळवते, ती सांजेला विकते. तिला ऊन लागतं ते तुमच्या दारात. एप्रिलमध्ये आम्ही आलो होतो. सात वाजल्यापासून दोनपर्यंत उभ्या होतो. चेहरा दिसत नाही म्हणून तुमच्या चौकीदाराने टोपी काढायला लावली. आमचा नंबर यायच्या आत खिडकी बंद. घरी नेली तेव्हा मानेची सालटी निघत होती. आता पुन्हा कुठल्या तोंडाने आणू?"

चौकीदाराची खरडपट्टी काढायला न्यामिझी तणतणत पुढच्या दाराकडे गेली. ती स्वतः रोज मागच्या दाराने यायची. भर दुपारची रांग तिने कधी पाहिलीच नव्हती. चाळीसेक माणसं भिंतीला चिकटून उभी होती, आणि भिंतीची सावली जेमतेम वीतभर. समोर पत्र्याच्या शेडखाली डॉक्टरांच्या सात गाड्या गारव्यात विसावल्या होत्या. शेडच्या जागी पूर्वी आंब्याचं झाड होतं. पाखरं गाड्या घाण करतात म्हणून ते तोडलं, त्या अर्जावर न्यामिझीचीही सही होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती तडक अधीक्षकांकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि रोग्यांसाठी शेड हवी तर अर्ज द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षीच्या खर्चात बघू म्हणाले.

"शेड आहे, साहेब. त्यात रोगी नाहीत, एवढंच."

"मग गाड्या कुठे लावायच्या?"

"उन्हात. गाडीला कर्करोग होत नाही."

साहेब रागावले, तरी गुरुवारपुरत्या गाड्या हलवायला कबूल झाले. न्यामिझीने होलोआजीला शब्द दिला, की पुढच्या खेपेला क्वांडू सावलीत बसेल आणि टोपीला कोणी हात लावणार नाही. आजीने मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी काही ती दिसली नाही.

पुढच्या गुरुवारी न्यामिझी सहालाच फाटकावर उभी राहिली. सहा गाड्या हलल्या, बाक आले. पहिल्या होडीने आलेल्या क्वांडू आणि आजी फाटकातून आत शिरल्या, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

क्वांडूचा डोळा वाचला, अर्धा कान मात्र गेला. एप्रिलमध्ये नंबर लागला असता तर तोही राहिला असता, हे न्यामिझीने वहीतला जुना शेरा खोडताना स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. साहेबांची गाडी अजून शेडमध्येच असते. रोगी तिच्या भोवतीने बसतात.

मंडळी, रोगी उशिरा येतो म्हणून त्याला बोल लावणं फार सोपं असतं. त्याआधी एकदा पुढच्या दाराने बाहेर जावं, आणि आपण त्याला कुठे उभं केलंय ते डोळ्यांनी पाहावं.