हळू, बाळ झोपलंय

वहिनी सभागृहात शिरली ती दारं मोजतच. दोन उजवीकडे, एक मागे. मग कानात कापसाचे बोळे घातले आणि फोन मुठीत धरून मागच्या दारालगतची खुर्ची पकडली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती बाळाला सोडून बाहेर पडली होती, तीही नणंदेसाठी. "जा गं तू. मी बाप आहे, पाहुणा नाही," असं नवऱ्याने बजावलं होतं. तरी तिचा अर्धा जीव पाळण्यातच.

नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणत. अंगकाठीच तशी. पण पठ्ठीने दोन वर्षं खपून स्वतःची गाणी रचली, चौघांचा रॉक बँड उभा केला. आज ती गाणी लोक पहिल्यांदा ऐकणार होते.

ऐकणार कसली डोंबलाची! पहिल्याच गाण्याला स्पीकरने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेने कान झाकले. मग नुसता गिटारचा गदारोळ, आणि चिमणीचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. दुसऱ्या गाण्याला तेच.

"मूकपट लागलाय का?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. तिसऱ्या गाण्याला माणसं उठू लागली.

वहिनी खुर्चीतच वळली. शेजारी साऊंडवाला मिक्सरच्या बटणांशी झटत होता.

"अहो, तिचा आवाज वाढवा ना!"

"वाढवला की शिट्टी, ताई. दुपारी तपासताना बाई कुजबुजल्यागत गात होत्या, म्हणून माईक शेवटपर्यंत चढवला. आता त्यात गिटारच शिरतेय. कमी करावा तर बाई गायब! मोकळ्या गळ्याने गा म्हटलं दोनदा. हो म्हणतात, परत तेच."

वहिनीच्या लख्ख ध्यानात आलं. आठ महिने चिमणी स्वयंपाकघराचं दार लावून गायची, भांड्यांनाही कळू नये अशी. सूर जरा वर गेला की आतून वहिनीचंच ठरलेलं: "हळू! बाळ झोपलंय!" पोरीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट चपला हातात घेऊन घरात यायची. गळ्याला आता तेच वळण पडलं होतं.

वहिनीने कानातले बोळे काढले आणि गाणं संपताच तरातरा थेट स्टेजपाशी गेली.

"चिमणे!"

चिमणी दचकून वाकली. "वहिनी? बाळ बरंय ना?"

एवढं सगळं डोळ्यांदेखत बुडत असताना हिला सुचलं काय, तर बाळ!

"ठणठणीत आहे. घरी आहे, तुझ्या भावाच्या मांडीवर. इथे कुणी झोपलेलं नाही, कळलं? घर डोक्यावर घे!"

चिमणी हसली. तिने आवाज सोडला मात्र, चढवलेला माईक फाटक्या पत्र्यासारखा खरखरला. तिने तो खाली ठेवला. गिटारवाल्यांना हाताने थांबवलं, ड्रमवालीला काठ्या ठेवून बोटांनी वाजवायला सांगितलं आणि स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिली.

गाणं जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकलीचं होतं. एवढ्याशा देहातून तो आवाज कुठून आला कोण जाणे. रुंद, जरासा खरबरीत, न बिचकणारा. वहिनी सवयीने आवाज कुठवर पोचतो ते तपासत मागच्या दारापर्यंत गेली. तिथेही शब्द न् शब्द पोचत होता. साऊंडवाला हाताची घडी घालून ऐकत होता. अर्धं सभागृह केव्हाच रिकामं झालेलं. गेलेले काही परतले नाहीत. उरलेल्यांनी मात्र टाळ्या थांबवल्याच नाहीत. तेवढं एकच गाणं त्या दिवशी गाण्यासारखं झालं.

"साऊंडने पार वाट लावली," बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "पण ती सायकल... बापरे!"

घराचं दार उघडलं ते नवऱ्याने, ओठांवर बोट ठेवून. "श्श! आत्ताच झोपलंय."

चिमणी चपला काढून हातात घ्यायला वाकली. वहिनीने तिचा हात धरून त्या दाराशीच राहू दिल्या.

"कसा झाला कार्यक्रम?" तो कुजबुजला.

"साऊंड भंगार!" वहिनी चांगली खणखणीत म्हणाली. "पण तुझी बहीण गाते, माहितेय का तुला? आपण कुणी ऐकलंच नव्हतं तिला!"

आत बाळाने भोकाड पसरलं.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला.

"झालं. जा, घे त्याला. तू बाप आहेस, पाहुणा नाहीस," वहिनी म्हणाली आणि चिमणीकडे वळली. "हं, ती सायकल परत एकदा होऊ दे. पूर्ण आवाजात."