रेडकू कंपनीची गादी आणि कैलासचा राजीनामा

रेडकू एंटरटेनमेंट या कंपनीची गादी शेवटी कायदेखातं सांभाळणाऱ्या एका साहेबांना मिळाली. निकाल लागला, बातमी आली, साहेबांनी हार घालून घेतला. आता हे सगळं विसरून जायचं. बेडसे गावातल्या केरबांनी तो निकाल मानलेला नाही, आणि केरबांकडे ज्याला मुलगी मागायची असते त्यालाही तो मानून चालत नाही. कैलासला नेमकी तिथंच मुलगी मागायची होती. तेव्हा गादी अजून रिकामी आहे.

कैलासचं कार्ल्याला जुन्या हायवेवर मिसळीचं हॉटेल. दारात चंपू रेडकाचा माणसाएवढा कटआउट. चंपू म्हणजे या कंपनीच्या कार्टूनमधलं चष्मेवालं रेडकू. सहलीच्या बसमधली पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला उतरतात आणि त्यांच्यामागून आईबाप मिसळ खायला. कैलासचा चंपूशी संबंध एवढाच.

केरबांचा संबंध मात्र घरातला होता. वीस वर्षांपूर्वी कंपनीची माणसं लेणी बघायला आली आणि जाताना केरबांच्या मंगळी म्हशीच्या रेडकाचा आवाज टेप करून घेऊन गेली. तेव्हापासून चंपू कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत ओरडो, ओरडतं ते केरबांच्या गोठ्यातलंच. त्यामुळे केरबा स्वतःला कंपनीचे चाहते म्हणवून घेत नसत, भाऊबंद म्हणवून घेत. आणि वाटणीत बोलायचा हक्क भाऊबंदांना असतोच. मोठे मालक निवृत्त होणार असं कळल्यावर त्यांनी देवळात चंपू प्रेमी मंडळाची सभा बोलावली आणि सभेत गाव दोन पार्ट्यांत फुटलं. एक पार्टी मालकांच्या मुलीची, म्हणजे ताईसाहेबांची. चंपूचे सिनेमे त्यांनी काढलेले. दुसरी पार्कवाल्या साहेबांची. चंपूच्या नावाचे पाळणे आणि घसरगुंड्या त्यांनी उभ्या केलेल्या. दोघांपैकी कुणीही बेडसं पाहिलेलं नव्हतं. त्यानं प्रचाराचं काही अडलं नाही.

अशा वातावरणात कैलास पोहे खायला गेला. केरबांच्या सारिकाचं आणि त्याचं आपापसात केव्हाच ठरलं होतं. ती लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या काउंटरवर असते. “आबा विचारतील, ताईसाहेब की पार्कवाले. तू ताईसाहेब म्हण आणि गप्प बस,” असं तिनं बजावलं होतं. अडचण एवढीच, की मुलाकडून आलेली कस्तुरामावशी कार्ल्यातली कट्टर पार्कवाली होती.

केरबांनी शेती विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही.

“गादीवर कोन बसावं, पावनं?”

मावशीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. सारिका आतल्या दारात उभी राहून बघत होती.

“दोघंबी चांगली हाईत,” कैलास म्हणाला.

“चांगली असून काय करायचंय? खुर्ची एक हाय.”

“ह्याच्या बारशाला गेलते तवाच मला दिसलं हुतं,” मावशी म्हणाली. “ह्यो कुनाचाच न्हाई.”

कैलासला दरदरून घाम फुटला. आणि मावळात माणसाला घाम फुटला की त्याला ग्रामपंचायत आठवते.

“अडीच-अडीच वर्सं करू की, आबा. पयली अडीच ताईसाहेब, मंग पार्कवाले.”

सरपंचपदाची पाच वर्षं दोघांत निम्मी वाटून घ्यायची रीत तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती, फक्त ती मुंबईच्या कंपनीला लावावी असं अजून कुणाला सुचलं नव्हतं. केरबांनी कैलासकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मावशीनंही बशी परत उचलली.

“आन पयला उठलाच न्हाई तर?” चुलीपासून अंबूबाईंचा आवाज आला.

सारिकाच्या आईला हे विचारायचा अधिकार होता. मागच्या निवडणुकीत दुसरी अडीच वर्षं त्यांना कबूल झाली होती. पहिला सरपंच पाच वर्षं बसून राहिला. पदभार घ्यायला म्हणून आणलेलं लुगडं अजून कपाटात घडी न मोडता पडलं होतं.

“म्हनून तर राजीनामा आधी लिवून घ्यायचा,” केरबा म्हणाले. “बिनतारखेचा. सही करून पंचाकडं ठिवायचा, मंगच खुर्ची. मानूस बसवायच्या आधी उठवायची सोय पायजे.” मग ते कैलासकडे वळले. “जावई हेबी पदच हाय की.”

सारिकानं आतून वही-पेन आणून दिलं.

“लिही,” ती हळूच म्हणाली. “तारीख कोण टाकतंय?”

कैलासनं लिहिलं, की मी खाली सही करणार कैलास, केरबा यांच्या जावईपदाचा वैयक्तिक कारणास्तव व स्वखुशीने राजीनामा देत आहे, यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. केरबांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. इतका स्वच्छ राजीनामा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“ह्योच नमुना म्हनून मुंबईला धाडू. दोघांनी अस्साच लिवून द्यावा.”

“झेरॉक्स काढून आणतो,” कैलास म्हणाला.

“झेरॉक्सला कोन इचारतंय? मूळ प्रत जाऊ द्या. माघारी मागवू. ती आली की दुसऱ्या दिवशी साखरपुडा.”

कैलास त्याच दुपारी कामशेतला गेला आणि आपला राजीनामा स्वतःच्या हातानं रजिस्टर करून आला. पोस्टातून बाहेर पडताना तो शीळ घालत होता.

आठव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. “आपला अर्ज मिळाला. आपली कागदपत्रे आमच्या दप्तरी कायम ठेवण्यात आली आहेत. योग्य पद रिक्त होताच आपला विचार केला जाईल.” केरबांनी ते लॅमिनेट करून देवळात लावलं. गावाचं म्हणणं मुंबईनं ऐकलं, असा त्याचा अर्थ काढण्यात आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते घडलं, जे घडलेलं नाही असं आपलं ठरलं आहे. दोन्ही पार्ट्या एक झाल्या आणि दोघींनी मिळून निकाल फेटाळला.

“राजीनामं हातात नव्हतं, म्हनून तिसराच घुसला,” केरबांनी निष्कर्ष काढला. “आता आपल्या घरात तरी ही चूक करायची न्हाई.”

“आबा, मी दुसरा लिवून देतो,” कैलास म्हणाला. “आत्ताच देतो.”

“एका पदाचं दोन राजीनामं झालं की दोन्ही बाद. तालुक्याला असंच झालतं.”

“नेमाला धरून हाय त्यांचं,” कस्तुरामावशी म्हणाली. पुढाऱ्यांवरून दोघांचं कधी जमलं नव्हतं, कागदावरून जमलं.

सारिका कैलासला सोडायला रस्त्यापर्यंत आली. “तुला ताईसाहेब म्हणायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “एक शब्द होता.” एवढं बोलून ती लोणावळ्याच्या जीपमध्ये बसून कामाला निघून गेली.

संध्याकाळी कैलासनं मिसळीचं टेबल पुसलं आणि त्यावर बसून अर्ज लिहिला.

प्रति,
मा. अध्यक्ष (असल्यास),
रेडकू एंटरटेनमेंट, मुंबई.

विषय : जावईपदाच्या राजीनाम्याची मूळ प्रत परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या दप्तरी कायम ठेवलेला माझा राजीनामा मंजूर न करता, त्यावर तारीख न टाकता व घडी न मोडता पोचपावतीसह रजिस्टर टपालाने परत करावा. तसेच आपण स्वतःच्या पदाचा बिनतारखेचा राजीनामा, सोबतच्या नमुन्याप्रमाणे, त्याच पाकिटात जोडावा, म्हणजे बेडसे ग्रामस्थांस आपली नेमणूक मान्य करणे सोयीचे होईल. नमुना आपल्याकडेच आहे. लग्नाचे मुहूर्त मे अखेरपर्यंतच असल्याने सदर प्रकरणी तातडीने कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
कैलास
नियोजित जावई (पदभार स्वीकारणे बाकी)