रुंद टायर

गाडीचे टायर गुळगुळीत झाले, तेव्हा आमच्या नीलेशने नव्या टायरचा पंधरा दिवस अभ्यास केला. दहावीला एवढा अभ्यास केला असता तर आम्ही पेढे वाटले असते. कोणत्या मापाचा टायर बसतो ते गाडीच्या दाराच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. पण छापलेलं काय, कोणीही वाचेल.

"बाबा, कंपनीचे टायर म्हणजे सायकलची चाकं वाटतात. शांती नगरात सगळे रुंद लावतायत."

"ते सगळे आपल्या गाडीत बसणारेत का?"

"तुम्हाला नाही कळणार. लुक असतो."

दुकानदार तर नीलेशहून उत्साही. "चौडा डालो साहब, शेर दिखेगी गाडी!" बसवल्यावर टायर आणि वरच्या पत्र्यामध्ये माझं बोट शिरेना. मी ते दाखवलं. "अंकल, यही तो फॅशन है," तो म्हणाला. नीलेशने एकट्याने दोन फेऱ्या मारल्या. शेर मजेत धावला.

रविवारी रोह्याला धाकूच्या मुलीची हळद होती. धाकू माझा मेहुणा. पहिली हळद आत्याने लावायची, हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि आत्या एकच, माझी बायको आनंदी. मुहूर्त दुपारचा. ती पहाटेपासून नऊवारी नेसून तयार.

गाडी सूनबाई रुचिता चालवत होती. मी तिच्या शेजारी. मागे आनंदी, मध्ये नात सान्वी आणि खिडकीशी नीलेश. लोक टायरकडे बघतात का, ते त्याला बघायचं होतं. डिकीत आहेराची भांडी. गाडी भरली तसा खर्र खर्र आवाज सुरू झाला. वरसावे नाक्याला पोचेपर्यंत जळक्या रबराचा वास आला.

रुचिताने गाडी बाजूला घेतली. मागचे टायर पत्र्याला घासत होते.

नीलेश वाकून बघून म्हणाला, "टायर एकदम ओके आहेत. वजन जास्त झालंय."

म्हणजे गाडी उत्तम. फक्त तिच्यात माणसं बसवायची नाहीत.

"आई, बाबा, तुम्ही ठाण्याहून एसटीने येता का? आम्ही पुढे होतो."

आनंदीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "मी एसटीने कधी पोचू? नवरीला हळद काय तुझे टायर लावणार?"

"तसं नाही गं..."

"मागे सगळ्यात जड कोण बसलंय?" रुचिताने विचारलं.

"पप्पा!" सान्वी ओरडली.

"बापाला असं बोलतात?" नीलेश म्हणाला. रुचिताने डिकी उघडली. त्याने आपली बॅग घेतली, भांड्यांचं गाठोडंही तिने त्याच्याच हातात दिलं. गाडी दोन बोटं उचलली गेली. त्याला एसटीसाठी मागे सोडून आम्ही निघालो, तर आवाज बंद.

आम्ही वेळेवर पोचलो. आनंदीने भाचीला पहिली हळद लावली, तेव्हा कुठे धाकूने विचारलं, "नीलेश दिसत नाही तो?"

"येतोय मागून," आनंदी म्हणाली. "टायर पुढे पाठवलेत त्याने."