मुंबईची गाडी, बडोद्याची गाडी

कारभारी आणि सुधाकर दोघंही सिल्वासाला वीज खात्यात लाइनमन. राहायलाही क्वार्टरच्या एकाच रांगेत, मध्ये फक्त दोन दारं. तरी चार वर्षांत त्यांच्यात सरळ एक शब्द झाला नव्हता. बोलायचंच झालं तर तिसऱ्याला मध्ये घालायचं. ‘‘त्याला सांग, शिडी उचल म्हणावं,’’ असं कारभारी हेल्परला सांगायचा, आणि सुधाकर त्याच शिडीच्या दुसऱ्या टोकाला उभा असायचा.

याला कारण झालं होतं एकोणनव्वद साली, खडोलीला. एका कारखान्याबाहेर कारभारी खांबावर चढला होता. लाइन बंद केल्याचं सुधाकरने खालून ओरडून सांगितलं, आणि लाइन खरंच बंद होती. पण कारखानेवाल्यांनी मधेच आपला जनरेटर चालू केला. त्याचा करंट उलटा फिरून तारेवर आला. कारभारी वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं जळून कायमची आत वळली. चौकशीत सुधाकरने सांगितलं की कारभारीने अर्थिंगची साखळीच टाकली नव्हती. ती साखळी तारांवर अडकवलेली असली की असा आगंतुक करंट जमिनीत जातो, हे नव्या हेल्परलाही ठाऊक असतं. कारभारी म्हणाला, साखळी मी टाकली होती, या सुधाकरनेच घाईघाईत ओढून घेतली. खरं-खोटं कुणालाच ठरवता आलं नाही, आणि दोघांच्याही सर्व्हिस बुकात शेरा पडला. तेव्हापासून कारभारी ही हकिगत इतक्या जणांना इतक्यांदा सांगत आला होता की सांगताना त्याचा आवाज आता जराही अडखळत नसे.

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये खात्यात दोन गाड्या ट्रायलला आल्या. गाडीच्या पाठीवर दुमडलेला लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. लिव्हर ओढला की बादली माणसाला घेऊन थेट तारेपाशी जाते. खडोली, आमली, जिकडे तिकडे कारखाने उठत होते, रोज नवी लाइन, आणि खात्याकडे बांबूच्या शिड्या आणि दोर. एक गाडी मुंबईहून आली होती, दुसरी बडोद्याहून. दोन दिवस चालवून बघायच्या आणि कोणती घ्यावी ते लिहून द्यायचं, हे काम ज्युनियर इंजिनियर रमाकांत तेरसे यांच्याकडे होतं. कुडाळचा माणूस, कमी बोलणारा, पण बोलला की टोचून बोलणारा. त्यांनी मुंबईची गाडी कारभारीला दिली आणि बडोद्याची सुधाकरला.

‘‘दोघांना एका गाडीवर ठेवलं तर गाडीची नाही, तुमचीच ट्रायल व्हायची,’’ ते म्हणाले.

पहिल्या दिवशी खडोलीच्या रस्त्याला दोन्ही गाड्या शंभर पावलांवर उभ्या राहिल्या. मुंबईची गाडी दिसायला देखणी होती. तिचा हात पंचेचाळीस फूट जायचा, बादलीत दोन माणसं मावायची, आणि लिव्हर लोण्यात सुरी फिरावी तसा फिरायचा. तिचा ड्रायव्हर अरविंद याने कारभारीला सगळं हौसेने दाखवलं. बादलीतले वरचे लिव्हर, गाडीपाशी उभ्या माणसाचे खालचे लिव्हर, आणि मागच्या झाकणाआड बसवलेला हातपंप. ‘‘इंजिन बंद पडलं की बादली आहे तिथेच अडकते. मग हा व्हॉल्व्ह खोलायचा आणि पंप मारायचा. वरचा माणूस दोन मिनिटांत खाली.’’ कारभारीने तो स्वतः मारूनही पाहिला.

बडोद्याची गाडी ठेंगणी होती. पस्तीस फुटांवर तिचा दम संपायचा, बादलीत एकच माणूस, आणि वर जाताना ती म्हातारीसारखी कण्हायची. पण तिच्या हाताचा वरचा अर्धा भाग फायबरचा होता. बादलीतल्या माणसाला चुकून करंट लागला तरी त्या करंटला गाडीतून जमिनीत जायला वाट नाही, असं तिचा ड्रायव्हर सुधाकरला सांगत होता. कारभारीने ते लांबून ऐकलं. त्याची नजर त्या पिवळ्या फायबरवर जरा जास्तच वेळ राहिली. पण ती सुधाकरची गाडी होती.

संध्याकाळी तेरसे साहेबांनी दोघांना विचारलं.

‘‘मुंबईचीच घ्या साहेब,’’ कारभारी म्हणाला. ‘‘ती दुसरी कसली गाडी? खांबाच्या टोकालाही पुरत नाही. तिच्यात बसून आंबे उतरवायचे का?’’

‘‘साहेब, त्याला विचारा,’’ सुधाकर साहेबांकडे पाहत म्हणाला, ‘‘लोखंडाच्या हातावर, लोखंडाच्या बादलीत उभा असताना जनरेटरचा करंट आला तर काय? एकदा भाजून अक्कल आली नाही का म्हणावं.’’

कारभारी उठलाच. ‘‘साहेब, साखळ्या पळवणाऱ्याने मला करंट शिकवू नये! मी ऐकून घेऊन राहिलो म्हणून काय...’’

‘‘बस खाली,’’ तेरसे म्हणाले. दोघांकडेही त्यांनी वैतागून पाहिलं. ‘‘तुम्ही गाडीबद्दल बोलतच नाही आहात. उद्या अदलाबदल. सुधाकर मुंबईच्या गाडीत चढेल आणि खालच्या लिव्हरला कारभारी राहील. दुपारनंतर त्याच्या उलट. मग बघू.’’

खालचा लिव्हर वरच्यापेक्षा वरचढ असतो. खालच्या माणसाने ठरवलं तर वरच्याचं काही चालत नाही. हे दोघांनाही माहीत होतं. सुधाकरने नाही म्हणावं अशी कारभारीची फार इच्छा होती. सुधाकर नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सुधाकर हेल्मेट घालून मुंबईच्या गाडीच्या बादलीत उभा राहिला. लाइन बंद करून घेतली होती. वर जाऊन आधी साखळी टाकायची आणि मग इन्सुलेटर बदलायचा, एवढंच काम होतं. तेवढ्यात समोरच्या कारखान्याच्या मॅनेजरने तेरसे साहेबांना बोलावणं धाडलं, लाइट बंद का केली म्हणून. साहेब गेले. बादली वर गेल्यावर अरविंदही कॅंटीनमध्ये चहाला गेला. ‘‘इंजिन चालू आहे, तू आहेस ना?’’ एवढं विचारून. बडोद्याची गाडी डिझेल भरायला गेली होती. रस्त्यावर कारभारी एकटाच उरला.

बादली तारेपासून दोन हातांवर असताना इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं.

सुधाकरने वरचे लिव्हर ओढून पाहिले. काहीच हललं नाही. त्याने खाली वाकून पाहिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो कारभारीशी सरळ बोलला.

‘‘इंजिन चालू कर.’’

कारभारीने केबिनमध्ये चढून किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, लागलं नाही. पुन्हा फिरवली, तरी नाही. तो खाली उतरला. मागच्या झाकणाआड हातपंप होता. त्याची पावलं तिकडे निघालीही होती. मग तो थांबला.

‘‘होत नाही,’’ त्याने वर ओरडून सांगितलं. ‘‘ड्रायव्हर येऊ दे.’’

‘‘दुसरं काही नाही का? हाताने उतरवायचं?’’

‘‘मला काय माहीत?’’

हे बोलून झाल्यावर त्याला आत कुठेतरी गार, गोड वाटलं. तो गाडीच्या सावलीत टायरला टेकून बसला. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. वर लोखंडी बादलीत सुधाकर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. कडेला हात टेकवला की झटकन काढून घेत होता. चौकशीच्या खोलीत हाच माणूस कसा सावकाश, एकेक शब्द मोजून बोलला होता, ते कारभारीला आठवत होतं. आता बोल म्हणावं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सुधाकरने पाणी मागितलं नाही, शिवी दिली नाही. त्यामुळे कारभारीला अजून राग आला. पंधरा मिनिटं झाली. सुधाकर बादलीतच खाली बसला, आता त्याचं फक्त हेल्मेट दिसत होतं.

मग कारखान्याच्या भिंतीपलीकडे धडधड सुरू झाली. एक झटका, काळ्या धुराचा लोट, आणि मग एकसारखा घणघणाट. जनरेटर.

कारभारी ताडकन उभा राहिला. वर सुधाकरही उभा राहिला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. साखळी अजून त्याच्या खांद्यावरच होती, तारेपर्यंत पोचलीच नव्हती. तो उभा राहताना बादली जराशी डोलली, दोन हातांचं अंतर दीड हात झालं.

‘‘कारभारी!’’ सुधाकर ओरडला. ‘‘कारभारी, जनरेटर!’’

कारभारीने झाकण उपटलं, व्हॉल्व्ह खोलला आणि पंप मारायला सुरुवात केली. उजव्या हाताने मारला, थकल्यावर दोन्ही हातांनी मारला. वळलेली बोटं दांड्यावर बसत नव्हती, घसरत होती. लोखंडी हात हळूहळू दुमडायला लागला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सुधाकर बादलीतून बाहेर आला तो धड उभा राहू शकत नव्हता. रस्त्याच्या कडेला जाऊन तो ओकला. मग परत आला, त्या उघड्या झाकणाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

‘‘वीस मिनिटं,’’ तो म्हणाला.

कॅंटीनकडून अरविंद धावत येत होता, त्याच्या मागून तेरसे साहेब. जनरेटर ऐकून दोघंही पळत सुटले होते.

‘‘काय झालं?’’

‘‘इंजिन बंद पडलं,’’ सुधाकर म्हणाला. ‘‘याला पंप माहीत होता. याने मला वीस मिनिटं वर टांगून ठेवलं.’’

‘‘माहीत म्हणजे? कालच दाखवला मी,’’ अरविंद म्हणाला. ‘‘याने स्वतः मारून बघितला.’’

तेरसे साहेबांनी कारभारीकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, सांगावं, घाबरून विसरलो. सहज खपलं असतं. पण सुधाकर समोर होता, आणि त्याच्या शर्टावर उलटीचे डाग होते.

‘‘हो साहेब. मुद्दाम थांबलो.’’

‘‘आणि गाडी?’’ साहेबांनी विचारलं. ‘‘निदान तेवढं तरी खरं सांग. तुला रोज चढायचं असेल तर कुठल्या गाडीत चढशील?’’

‘‘बडोद्याच्या. कालही माहीत होतं.’’

‘‘आता लागलाच आहेस तर सगळंच सांगून टाक,’’ सुधाकर म्हणाला. ‘‘साखळी टाकली होतीस?’’

‘‘नव्हती टाकली.’’

हे ऐकून सुधाकर निवळेल असं कारभारीला वाटलं असेल तर ते चुकलं. सुधाकर एक पाऊल पुढे आला. ‘‘हे मला चार वर्षांपासून ठाऊक आहे. तू सांगितलंस म्हणून मी तुझे उपकार मानू का? माझ्या बायकोला रांगेतल्या बायका साखळीचोराची बायको म्हणतात. आज माझी दोन पोरं उघडी पडली असती. पुन्हा माझ्या वाटेला आलास तर मी साहेबांकडे जाणार नाही, हे ध्यानात ठेव.’’ तो वळला आणि भर उन्हात रस्त्याने चालत निघाला. अरविंदने गाडीत बस म्हटलं तरी बसला नाही.

तेरसे साहेबांनी रिपोर्ट लिहिला. मुंबईच्या गाडीची उंची आणि वेग चांगला, बडोद्याची माणसासाठी सुरक्षित, आणि मुंबईच्या गाडीचं इंजिन ट्रायलमध्ये बंद पडलं. शिफारस बडोद्याची. दुसऱ्या कागदावर कारभारीची खानवेलला बदली होती, आणि त्याने दिलेला जबाब जुन्या चौकशीच्या फायलीला जोडला होता. गाडी मिळेल तेव्हा तिच्यावर सुधाकर जाईल, असंही त्यांनी तोंडी सांगून ठेवलं.

घरी कारभारीने बायकोला एवढंच सांगितलं की साहेबाने सुधाकरचं ऐकून मला जंगलात फेकलं. चिमाबाईने साहेबाला दोन शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली आणि भरली घागर तिथेच ठेवून परत आली. नळावर तिला सुधाकरची बायको उषा भेटली होती.

‘‘वीस मिनिटं तुम्ही खाली बसून होता?’’ चिमाबाईने दारातूनच विचारलं. ‘‘आणि ती साखळी? चार वर्षं मी त्या बाईशी भांडले. सगळ्या रांगेसमोर भांडले. तिच्या पोरांना दारात उभं केलं नाही.’’

‘‘मी सांगणार होतो...’’

‘‘आपल्या सोनीची परीक्षा आहे. मी खानवेलला येत नाही.’’

‘‘परीक्षा मेमध्ये संपते.’’

‘‘मेनंतरही येत नाही,’’ चिमाबाई म्हणाली, आणि घागर आणायला पुन्हा नळाकडे गेली. सोमवारी सकाळी खानवेलच्या बसमध्ये कारभारी एकटाच चढला. त्याच्याबरोबर एक ट्रंक होती आणि गुंडाळलेलं अंथरूण. स्टँडवर सोडायला कुणी आलं नव्हतं.